कशाच्या मानानं?

मागच्या गल्लीतले अण्णा चौगुले वारले, त्या दिवशी आम्ही दहा-बारा जण त्यांच्या अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो. अशा वेळी बोलायची जी वाक्यं असतात ती चालली होती. शांतपणे गेले. कुणाला त्रास दिला नाही. भरपूर जगले. एवढ्यात मागच्या खुर्चीतून खणखणीत आवाज आला, "कशाच्या मानानं?"

सगळ्या माना वळल्या. डॉ. हौसा कांबळे पदर खोचून ताठ बसल्या होत्या. "भरपूर म्हंजे कशाच्या मानानं? त्यांचा थोरला भाऊ ब्याण्णव वर्सं जगला. त्याच्या मानानं अण्णा लवकर गेलं की!"

मॅडम माझ्याबरोबर आल्या होत्या, त्यामुळे धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं झालं. पण दाराशी बसलेल्या चौगुले काकूंच्या डोळ्यांतून सकाळपासून टिपूस आलं नव्हतं. त्या एकदम "व्हय गं बाई, लवकरच गेलं" म्हणाल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. त्यांच्या मुली त्याबद्दल अजून मॅडमना मानतात. मी मात्र पुढचे पंधरा दिवस त्या गल्लीतून गेलो नाही.

हौसा मॅडम आमच्या डोक्यावर राहतात, म्हणजे वरच्या मजल्यावर. खाली मी आणि माझी बायको हसीना. मी पोस्टात हेडक्लार्क होतो, आता निवृत्त आहे, पण मॅडम मला पहिल्या दिवसापासून 'पोस्टमास्तर' म्हणतात. मी एकदा दुरुस्ती करायला गेलो, तर म्हणाल्या, "बढती देतोय तर घ्या की गप." आमच्या कोल्हापूरकडच्या बऱ्याच बायका बोलतात तसं त्याही 'मी देतो, मी आलो' असंच बोलतात. कॉलेजात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, परदेशी जाऊन भाषणं केली, पण बोली बदलली नाही. पुण्याच्या एका विद्वानानं त्यांना प्रमाणभाषेत बोलायची विनंती केली, तर म्हणाल्या, "तुमी समजून घ्यायचा प्रयत्न करा. मी तुमचं तीस वर्सं समजून घेतलंय."

'कशाच्या मानानं?' हा प्रश्न त्या कुणालाही विचारतात. हसीना म्हणाली, आज फार उकडतंय, तर "कशाच्या मानानं? कालच्या का मागच्या मे महिन्याच्या?" डॉक्टर म्हणाले, मॅडम, तुमची शुगर वाढली आहे, तर तोच प्रश्न. त्या डॉक्टरनं हबकून पुन्हा तपासणी करायला सांगितली. माझ्या निरोपसमारंभात मी गहिवरून म्हणालो की मी आयुष्यभर प्रामाणिकपणे नोकरी केली, आणि दुसऱ्या रांगेतून काय आवाज आला ते सांगायला नको. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नव्हतो. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, कारण त्या आठ दिवसांत कुठल्या तरी देशात भूकंप झाला होता.

हे भूकंपाचं सांगायलाच हवं. मॅडमच्या संशोधनाचा विषय आहे आंतरराष्ट्रीय व्यापार आणि नैसर्गिक आपत्ती. त्यांच्या बैठकीत सोफा नाही, टीव्ही नाही, एक भिंतभर जगाचा नकाशा आहे. त्यावर टाचण्या. लोक सकाळी उठून राशिभविष्य वाचतात, मॅडम वादळं वाचतात. एकदा पहाटे नळाला पाणी आलं म्हणून हसीना उठली, तर जिन्यात मॅडम उभ्या. "वैनी, आफ्रिकेच्या किनाऱ्याला वादळ लागलंय." हसीनाला वाटलं, मॅडमचं कुणी नातेवाईक तिकडं आहे. तिनं आधी त्यांना बसवून पाणी दिलं.

"कोण न्हाय तिकडं माझं," मॅडम म्हणाल्या. "पण कच्चा काजू तिकडनं बोटीनं येतो. बंदर बंद पडलं तर दोन म्हैन्यानी आजऱ्याच्या कारखान्यात बायका हातावर हात ठेवून बसतील. तिकडच्या वाऱ्यानं हितली चूल इझतीया, वैनी, आनि हितं कुणाला पत्ता न्हाय."

आजरा हे त्यांचं गाव. काजूच्या कारखान्यांचं आणि तांदळाचं. दोन महिन्यांनी कारखान्यात खरंच काम कमी झालं. मी म्हटलं, मॅडम, तुमचं भाकीत खरं झालं. त्या चिडल्या. "भाकीत न्हाय. हिशेब हाय. भाकीत करनाऱ्याला दक्षिणा मिळती, मला काय मिळतंय?"

मग आपला पूर आला. पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीपर्यंत आलं नाही, पण हायवेवर आलं. ट्रकच्या रांगा लागल्या. नदीकाठच्या गल्ल्यांत लोकांचे संसार वाहून गेले आणि पाणी ओसरल्यावर सरकारी माणसं भिंतीवरची ओल बघत पंचनामे करत फिरली. ते सगळं बरोबरच होतं. पण त्याच दिवसांत हौसा मॅडम एक वही, एक फॉर्मांचा गठ्ठा आणि मला घेऊन, जिथं पाणी आलंच नव्हतं त्या घरांचा पंचनामा करत फिरायला लागल्या.

हुपरीत आम्ही पहिल्यांदा गेलो ते बाळू सुताराच्या दारात. आडनाव सुतार असलं तरी घरात चांदीचे पैंजण बनतात. बाळूनं आम्हाला नखशिखांत न्याहाळलं. "मॅडम, तुमी चुकून आलायसा. आमच्यात पानी आलंच न्हाय."

"म्हनूनच आलोय," मॅडम म्हणाल्या आणि चप्पल काढून आत शिरल्या. "माल कुठं जातो?"

"दुबईला जायचा. आता न्हाय जात."

"का?"

"हायवे बंद हुता. माल येळेत पोचला न्हाय. तिकडच्या दुकानदारानं सनाला दुसऱ्या देशातनं माल उचलला. आता म्हंतोय, बघू."

मॅडमनी फॉर्म भरला. पाण्याची उंची या रकान्यात शून्य लिहिलं आणि शून्याला दोनदा गिरवलं. अशी चाळीस घरं त्यांनी जमवली. हुपरीतले पैंजणवाले, कोल्हापुरातले चपलावाले, आजऱ्याच्या काजूवाल्यांची छोटी युनिटं. सगळ्यांच्या भिंती कोरड्या आणि सगळ्यांचं लांबच्या देशातलं गिऱ्हाईक तुटलेलं. मॅडम त्यांना 'कोरडे पूरग्रस्त' म्हणायच्या.

हे फॉर्म घेऊन आम्ही एका साहेबांकडे गेलो. कुठल्या कार्यालयातले ते सांगत नाही, मला पेन्शन आहे. साहेबांनी पहिलाच फॉर्म पाहिला आणि हसून म्हणाले, "बाई, पाणी शून्य फूट? मग हे पूरग्रस्त कसे?"

"सायब, तुमी पूर भिंतीवर बघतासा. मी बंदरावर बघतो. ह्यांचा माल पोचला न्हाय आनि जहाज ह्यांच्यासाठी थांबलं न्हाय. भिंत वाळती, गेलेलं गिऱ्हाईक कोन आनून देतंय?"

"गिऱ्हाईक काय, येईल परत आपोआप."

"आपोआप?" मॅडमचा आवाज चढला. "सायब, तुमी हापिसात आपोआप आलासा काय? गाडीत कोनतरी तेल घातलं असंल, ड्रायव्हरनं ती चालवली असंल. पुरावा काय आपोआपचा?"

साहेब चिडले. "आणि येत नाही याचा तुमच्याकडे काय पुरावा?"

मॅडमनी फॉर्मांचा गठ्ठा उचलला आणि उठल्या.  बाहेर आल्यावर पायऱ्या उतरता उतरता म्हणाल्या, "बरोबर इचारलं त्यानं. मानूस वंगाळ हाय, पण प्रश्न बरोबर हाय. पोस्टमास्तर, पुरावा आनायचा."

पुरावा आणायची रीत त्यांनी परदेशातल्या पीटर सर नावाच्या एका प्रोफेसरबरोबर ठरवली. ते रोज संध्याकाळी लॅपटॉपच्या पडद्यावर यायचे. रीत अशी होती. चाळीस घरांपैकी वीस घरांनी आपल्या तुटलेल्या गिऱ्हाइकाला पत्र लिहायचं, की पाणी उतरलं, आम्ही आहोत, आमचं काम चालू आहे, थांबा. उरलेल्या वीस घरांनी काही लिहायचं नाही. वर्षानं बघायचं, कुणाचं गिऱ्हाईक परत आलं. पत्रवाल्यांचं जास्त आलं तर सांगता येईल, की आपोआप काही होत नाही, कुणीतरी हाक मारावी लागते, आणि ती व्यवस्था सरकारनं करावी. कुठली वीस घरं, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.

"चिठ्ठ्या कशाला?" हसीनानं विचारलं. "ज्याला जास्त गरज, त्याला द्या की पत्र."

"तसं केलं तर कळंल कसं, पत्रानं काम झालं का त्याच्या गरजेनं? निवड मानसानं करायची न्हाय, वैनी. मानूस आपल्या मानसाकडं झुकतो. चिठ्ठी कुणाची न्हाय."

आमच्याच बैठकीत, आमच्याच चहापत्तीच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि हसीनानं एकेक काढली. मॅडम शेजारी बसून नंबर लिहीत होत्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, शुगर खरंच वाढली असावी.

पत्रं मी लिहायची ठरलं. ते साहजिकच होतं. माझं अक्षर पोस्टात नावाजलेलं होतं. नुसतं पाकीट बघून लोक ओळखायचे. मॅडमचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी पळाली तर उमटेल तसं. त्यांचे विद्यार्थी त्यांनी फळ्यावर लिहिलेलं वाचण्याऐवजी धडाच पाठ करून यायचे.

प्रत्येक घराचे शब्द आधी मराठीत जसेच्या तसे, खाली इंग्रजीत, शेवटी घरातल्या माणसाची सही किंवा अंगठा. बाळू सुतारानं सांगितलं, "लिवा, तुझ्यापायी आमी रमजानच्या डिझाईनचे साचे अजून मोडले न्हाईत. थांबला न्हाईस तर तुझं वाटोळं हुईल." मी म्हटलं, हे नको. मॅडम म्हणाल्या, "त्याचा शबुद हाय, तो जाईल." मराठीत वाटोळं गेलं. इंग्रजीत मी लिहिलं, आम्हाला फार वाईट वाटेल. चाळीस वर्षांच्या नोकरीत केली नव्हती ती लबाडी मी इथं केली.

खरी अडचण आली ती तारा सातपुतेची. तारा कोल्हापुरी चपलांच्या वरची वेणी विणते, कातड्याच्या सुतळीइतक्या बारीक पट्ट्यांची. तिचा बाप ती विणायचा, आता ती विणते. तिचं एकच गिऱ्हाईक होतं, जपानातलं एक छोटं दुकान. वर्षानुवर्षं तेवढंच. ते तुटलं तर तिला वेणी सोडून दुसऱ्याच्या कारखान्यात चपलांचे तळ ठोकायला जावं लागणार होतं, आणि वेणी तिच्याबरोबर संपणार होती, कारण तशी विणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिची चिठ्ठी निघाली नाही.

ती मॅडमच्या दारात आली. मी जिन्यात होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"मॅडम, माझं बी लिवा की. त्या हुपरीवाल्याचं लिवलंसा."

"तुजी चिठ्ठी आली न्हाय, तारा. वर्स झालं की तुजं पैलं लिवतो."

"वर्सभर त्यो जपानवाला थांबंल व्हय?"

"तेच तर बघायचंय."

"माझ्या पोटावर बघायचंय व्हय तुमास्नी?"

मॅडम म्हणाल्या, "चिठ्ठी म्हंजे चिठ्ठी," आणि दार लावून घेतलं.

मला इतका राग आला की मी वर जाऊन दार वाजवलं. "मॅडम, हे संशोधन नाही, हा कसाईपणा आहे," मी म्हणालो. "कसला पुरावा न् कसलं काय! बाई रडत गेली."

"कशाच्या मानानं कसाईपना?" त्यांनी दार न उघडता आतून विचारलं. "त्या सायबाच्या आपोआपच्या मानानं?"

उरलेली पत्रं मी लिहून दिली, कारण शब्द दिला होता. पण चहाला वर जाणं मी बंद केलं. हसीना मध्ये पडायला गेली, तिलाही मी रागावलो. वर्षभर आमचं बोलणं जिन्यातल्या नमस्कारापुरतं राहिलं. एवढं मात्र लक्षात यायचं, की मॅडमच्या बोटांना हल्ली शाई लागलेली असते. मला वाटायचं, पीटर सरांचं काही काम असेल.

वर्ष झालं. निकाल सांगायला एका कॉलेजच्या सभागृहात परिसंवाद ठेवला होता. पीटर सर पडद्यावरून बोलणार होते आणि प्रमुख पाहुणे म्हणून तेच आपोआपवाले साहेब येणार होते. त्या सकाळी मी दाढी करत होतो, तोच तारा सातपुते माझ्या दारात आली. हातात परदेशी तिकिटांचं पाकीट होतं. "मामा, हे इंग्लिश वाचून दावा," ती म्हणाली. "जपानचं हाय."

मी वाचलं. जपानच्या दुकानदारानं लिहिलं होतं की तुमचं पत्र पत्ता शोधत शोधत आत्ता मिळालं. आमच्याकडेही भूकंप होतात, त्यामुळे आम्हाला थांबायची सवय आहे. तुमच्यासाठीची मांडणी आम्ही रिकामी ठेवली आहे, जोड पाठवा. आणि शेवटी, फार संकोच करून, एक ओळ होती: आपलं पत्र वाचायला आम्हाला तीन माणसं लागली, आपली प्रकृती ठीक आहे ना?

"तारा, तू पत्र लिहिलं होतंस?"

"मॅडमनी लिवलंतं. मी भांडून गेलो न्हवं, त्याच्या चौथ्या दिवशी घरला आलत्या. म्हनल्या, कुणाला बोलायचं न्हाय."

तीन माणसं लावणारं अक्षर कोल्हापुरात एकच आहे. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. एकट्या ताराचं पत्र लिहायला वर्षभर बोटांना शाई लागत नाही. मॅडमनी चिठ्ठी न आलेल्या वीसच्या वीस घरांची पत्रं, वाचता येतील अशी होईपर्यंत, पुन्हा पुन्हा लिहिली होती. मला वर्षभराची लाज वाटली. तोंडावर साबण तसाच ठेवून मी ते पत्र पुन्हा वाचलं.

पण सभागृहात बसल्यावर मला दुसरीच भीती वाटायला लागली. पीटर सरांनी पडद्यावर दोन खांब दाखवले. पत्र लिहिलेल्यांची गिऱ्हाइकं आणि न लिहिलेल्यांची गिऱ्हाइकं. दोन्ही खांब जवळजवळ सारख्या उंचीचे. निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं परत आली होती, इकडचीही आणि तिकडचीही. पीटर सर सभ्यपणे म्हणाले की पत्राचा काही परिणाम झाला असं म्हणता येत नाही.

साहेबांचा चेहरा फुलला. ते माईक घेऊन म्हणाले, "मी तेव्हाच मॅडमना सांगितलं होतं. गिऱ्हाईक आपोआप येतं. आता शास्त्रानंच सिद्ध झालं. तेव्हा या तथाकथित कोरड्या लोकांसाठी वेगळं काही करण्याची गरज नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या गप्प बसल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. त्यांचं नाव पीटर सरांबरोबर मोठ्या मासिकात छापून आलं असतं, ज्याची त्या तीस वर्षं वाट बघत होत्या. पण पुढचा पूर आला असता आणि ताराला कुणी विचारलं नसतं.

मॅडम उठल्या. माईक घेतला नाही, त्यांना तो कधीच लागला नाही.

"टाळ्या थांबवा. ह्यो निकाल खोटा हाय. न लिवलेली वीस घरं म्हंतासा न्हवं, त्यांची पत्रं गेलती. मी लिवली. माझ्या हातानं, चोरून. पीटर सरास्नी ठावं न्हवतं. प्रयोग फसला न्हाय, मी फसवलाय."

 पडद्यावरच्या पीटर सरांना कुणीतरी भाषांतर करून सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. त्यांनी फक्त विचारलं की असं का केलंत. 

मॅडम काही बोलायच्या आत साहेब उखडले. "म्हणजे तुमच्या संशोधनाला काडीची किंमत नाही, असंच ना?"

"न्हाय किंमत. कागुद फाडून टाका, माझं नाव काढून टाका. पन आपोआप म्हनायचं न्हाय! चाळीसच्या चाळीस घरांसाठी कोनतरी रात्रंदीस बोटं झिजवलीत, तवा तुमचा आपोआप आलाय. ह्यातनं पत्रानं गुन येतो हे सिद्ध होत न्हाय, मान्य. पन आपोआप येतो, हे बी होत न्हाय. पुरावा अजून आनायचाय. मी आनीन." एवढं बोलून त्या माझ्या रांगेशी आल्या. "पोस्टमास्तर, उठा. च्या प्यायचा."

चहाच्या गाड्यावर मी विचारलं, "मला का सांगितलं नाही? मी लिहून दिली असती की सुंदर अक्षरात."

"सांगितलं असतं तर तुमी बी लबाडीत आला असतासा. एकानं लबाडी केली की पुरं." मग चहा फुंकत म्हणाल्या, "आनि वर्सभर भांडलासा म्हनून बरं वाटलं. कोनतरी ताराच्या बाजूला हुतं."

पीटर सरांनी पुढच्या आठवड्यात पत्र पाठवून सहकार्य संपवलं. कॉलेजानं मॅडमना संशोधनासाठी दिलेली खोली परत घेतली. पेपरात चार ओळी आल्या, त्या वाचून गल्लीतल्या लोकांनी हळहळ केली, आणि मॅडमनी हळहळणाऱ्यांना गॅलरीतून विचारलं, "कशाच्या मानानं?" मग एका रविवारी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. त्या चाळीसांत नसलेल्या, आजऱ्याच्या उरलेल्या काजूवाल्यांची पत्रं लिहायची होती, या वेळी चिठ्ठ्या न टाकता, सगळ्यांची. पेन घेऊन चला, म्हणाल्या. आम्ही एसटीनं निघालो.

दुपारी त्या मला बहिणीच्या घरी जेवायला घेऊन गेल्या. इतक्या वर्षांत त्यांना बहीण आहे हेच मला माहीत नव्हतं. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि दारात हसत उभी असलेली, मॅडमसारख्याच चेहऱ्याची बाई. सुभद्रा नाव, पण मॅडम आक्का म्हणत होत्या. आक्का काजूच्या कारखान्यात टरफलं फोडायला जायची. तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं तेव्हा मला तिचे हात दिसले. काजूच्या चिकानं तळवे काळे पडले होते आणि बोटांच्या टोकांची कातडी जागोजाग सोललेली होती.

जेवताना मी परिसंवादाची गोष्ट सांगितली. चिठ्ठ्यांपाशी आलो तशी आक्का खळखळून हसली.

"चिठ्ठ्या व्हय! ह्या हौशीला चिठ्ठ्यांचं खूळ आमच्या बापानं, आबानं लावलंय," ती म्हणाली. "आमी दोघी एकाच वर्गात. मी आजारी पडून एक वर्स मागं पडलोतो. गावातली शाळा संपली तवा कोल्लापुरातल्या मुलींच्या वसतिगृहात आमच्या गावाला एक जागा मिळाली. एकच. मास्तर म्हनले, दोघी बी हुशार, तुमीच ठरवा. आबाला काय ठरवता येईना. मग त्यानं डोईची टोपी काढली, त्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या आनि शेजारच्या म्हातारीला म्हनला, काढ एक. हौशीची निघाली."

मॅडम भात कालवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ही रडाय लागली," आक्का सांगत होती. "मी न्हाय रडलो, ही रडली. मी जानार न्हाय, म्हनली. आबा म्हनला, चिठ्ठी म्हंजे चिठ्ठी. मी निवडलं असतं तर तुमी जलमभर माझ्याशी भांडला असता. चिठ्ठीशी कोन भांडनार?" तिनं माझ्या ताटात आमटी वाढली. "दर म्हैन्याला येती आनि माझ्या हाताला तेल चोळत बसती. मी म्हंतो, अगं सोड, एवढी शिकलीस, परदेशी गेलीस, कशाला वाईट वाटून घेतीस? माझं काय वंगाळ झालंय? माझं चांगलंच झालं की."

मी हातातला घास तसाच धरून मॅडमकडे पाहिलं. अण्णांच्या अंगणात, डॉक्टरांच्या दवाखान्यात, माझ्या निरोपसमारंभात, साहेबांच्या समोर जो प्रश्न त्यांनी कधी गिळला नव्हता, तो आता येणार असं मला वाटलं. चांगलं झालं, कशाच्या मानानं? ते मोजायचं माप तर तिथंच शेजारी बसून भात कालवत होतं.

मॅडमचे ओठ हलले. मग त्यांनी आक्काचा काळा हात आपल्या डाव्या हातात घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "व्हय आक्का."